उलटी गळपट्टी

शोवा ६ (१९३१), तोक्यो

१४ एप्रिल, मंगळवार

ह्यांनी आज जेवताना स्वतःहून सांगितलं की प्रकाशक इवामोरींनी चित्रमालेला होकार दिला. घरातल्या बायकांची पाच चित्रं, जुन्या पद्धतीने लाकडी ठशांवरून छापायची. सकाळी केस विंचरणारी, तांदूळ धुणारी, शिवणारी, मच्छरदाणी लावणारी, कंदील पुसणारी. पहिलं चित्र जुलैच्या प्रदर्शनात लागणार. ते लोकांना आवडलं तर उरलेली चार, नाही तर पुन्हा मासिकांतल्या गोष्टींना चित्रं काढत बसायचं, गेली वीस वर्षं बसले तसं. ह्यांना पन्नासावं चालू आहे. पुन्हा कोणी विचारील असं त्यांनाही वाटत नसावं.

मी विचारलं, "समोर कोणाला बसवणार?"

"कोणाला नाही. अशीच एक बाई."

"अशीच म्हणजे कशी?"

"अशीच," म्हणाले, आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी पुढे ओढली.

मी अभिनंदन केलं. ते मनापासून होतं की नाही हे तपासून पाहिलं. बरंचसं होतं.

१९ एप्रिल

'अशीच एक बाई' हे शब्द पाच दिवस डोक्यात आहेत. त्रेचाळीस वर्षांची, महिला महाविद्यालयातून पदवी घेतलेली, मुलींना नीतिशास्त्र शिकवणारी बाई असल्या शब्दांवर जळते हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

सकाळची माझी घाई ठरलेली. साडेसहाला आरशापुढे बसायचं, चष्मा काढून ठेवायचा, केस विंचरायचे, थोडी पावडर, मग बाही खाली ओढायची म्हणजे भाताच्या भांड्याने भाजलेली उजव्या मनगटावरची चंद्रकोर मुलींना दिसत नाही. चष्मा काढला की आरशात मी म्हणजे एक पांढरट डाग. मागच्या खोलीतलं करडं कपाट म्हणजे दुसरा डाग. त्याच खोलीत हे वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. एक शब्द बोलत नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलायचे.

३ मे, रविवार

चित्र पाहिलं. हे चहाला उठले तेव्हा पाटावर उघडंच होतं. चोरून पाहिलं असं म्हणता येणार नाही, पण पावलं न वाजवता गेले हे खरं.

छातीपर्यंतची बाई. मान पुढे काढलेली, डोळे बारीक केलेले, ओठ जरासे विलग, आणि डाव्या हातात फणी. चांगलं चित्र आहे. इतकं चांगलं त्यांनी आजवर काढलेलं नाही. आणि हेच मला सहन झालं नाही. ती नजर मी ओळखते. समोर कोणी तरी आहे, आपल्याकडे बघतंय, हे ठाऊक असलेल्या बाईची नजर. मी जन्मात कोणाकडे डोळे बारीक करून पाहिलं नसेल.

अंगातला उन्हाळी किमोनो बाणाच्या पिसांच्या नक्षीचा. माझा होता तसा. होता म्हणजे आहे, पण मार्चमध्ये उसवून धुऊन पुन्हा शिवायला ओरीनकडे दिलाय.

ओरीन मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे शिवणाला येते. सव्वीस वर्षांची विधवा आहे. मी तेव्हा शाळेत असते.

५ मे

आज मंगळवार. डोकं दुखतं असं सांगून शाळेतून लवकर आले. डोकं दुखत नव्हतं, म्हणजे एक खोटं झालं.

ओरीन पुढच्या खोलीत गोधडी टाचत होती, हे मागे काम करत होते, मधलं दार बंद. सगळं होतं तसं होतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. सुई डाव्या हातात.

"तू डावखुरी आहेस?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही दोन वर्षांनी विचारताय," ती हसली. "आईने लहानपणी हा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून ठेवला होता. भात उजव्याने खायला शिकले, पण सुई काही ऐकेना."

मीही हसले. चित्रातली फणी डाव्या हातात आहे.

१७ मे

आरसा खिडकीजवळ हलवला. तिथे उजेड चांगला आहे. संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी तो परत जुन्या जागी ठेवलेला. घरात कुठली वस्तू कुठे असते हे ज्या माणसाला माहीत नाही, पावसात स्वतःची छत्री ज्याला सापडत नाही, त्याला आरशाचं काय?

"तिथे ओल येते," म्हणाले.

"खिडकीजवळ ओल? आणि कोपऱ्यात नाही?"

"मुरते," म्हणाले, आणि कानांपर्यंत लाल झाले. दुपारी आपण घरी नसताना तिथे कोणाला बसवत असतील, ते हलवलं की चित्र बिघडत असेल, असं मनात आलं. मग मनात आलं की मुलींनी असा तर्क निबंधात लिहिला असता तर मी लाल शाईने 'पुरावा?' असं लिहिलं असतं.

पण लाल झाले होते.

२० मे

मूळ रेखाटन आता नाहीच. ठसे कोरणाऱ्या हान्जीने ते पालथं घालून चेरीच्या फळीवर चिकटवलं आणि रेघांवरून कोरून काढलं. कागद गेला, रेघा तेवढ्या लाकडात राहिल्या. हान्जी म्हणे कपाळाजवळचा एकेक केस कोरताना श्वास धरून बसतो.

हे ऐकून मला बरं वाटलं. निदान तो कागद कोणाला भेट म्हणून जाणार नाही.

७ जून, रविवार

सासूबाईंचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे म्हणून हे नागानोला गेले. शुक्रवारी येतील. मला शाळेमुळे जाता आलं नाही. बरोबर कोरडे मोजे दिले. ते विसरले असते.

सार्वजनिक स्नानगृहात मासेवाली ओकात्सु भेटली. नेहमीप्रमाणे एकमेकींची पाठ घासताना म्हणाली, "तुमची ती शिवणवाली दिसत नाही. पाच-सहा दिवस कुठेशी जाणार म्हणत होती."

"कुठे?"

"ते नाही सांगितलं. बाई तरुण आहे, सगळंच कशाला सांगेल?" आणि माझ्या मानेवर गरम पाणी ओतत म्हणाली, "तुमची मान मात्र अजून पोरीसारखी आहे हो. चेहरा शाळेने खाल्ला, मान राहिली."

तिला म्हटलं, मान मला दिसत नाही, मला काय तिचा उपयोग.

९ जून, मंगळवार

आज मी जे केलं ते जसं झालं तसं लिहिते.

चारच्या सुमाराला छापणारा तोकुमात्सु आला. साठीचा माणूस, बोटं कायमची निळी. दारातच विचारलं, "वहिनी, गुरुजी आहेत?"

"नागानोला गेलेत. शुक्रवारी येतील."

"मग तुम्हीच बघा." त्याने कापडातून पहिला रंगीत नमुना काढला. "रंगाचं विचारत नाही. रंग माझा चुकत नाही. ही गळपट्टी बघा."

मी आतापर्यंत त्या बाईचा चेहराच पाहिला होता. गळ्याकडे आज पाहिलं. किमोनोची उजवी बाजू वर होती, डावी आत.

"चाळीस वर्षं छापतोय," तोकुमात्सु म्हणाला. "उजवी बाजू वर घेतलेली बाई मी फक्त शवपेटीत पाहिलीय. हान्जीला जाऊन विचारलं. तो म्हणतो, मला फळीवर सरळच दिसली. त्याचंही खरं, त्याच्यापुढे चित्र पालथं असतं. आता सांगा, गुरुजींनी मुद्दाम केलंय की नजरचूक?"

मी नमुना उजेडाकडे धरला.

"तार करू का नागानोला?"

"नको."

"कागद ओला करून ठेवलाय, वहिनी. असल्या हवेत उद्या त्याच्यावर बुरशी येईल. तुम्ही नाही म्हणालात तर कागद गेला, दुसरा भिजवू, तेवढंच. हो म्हणालात तर उद्या सकाळी सुरू करतो."

मला माहीत होतं की ही चूक आहे. प्रदर्शनात पहिली बाई चित्रापुढे उभी राहील तीच तोंडावर हात ठेवील हेही माहीत होतं. मी त्या बारीक डोळ्यांकडे पाहिलं, डाव्या हातातल्या फणीकडे पाहिलं, आणि म्हटलं,

"त्यांना तसंच हवंय."

तोकुमात्सुने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "शिकलेल्या घरातलं आम्हाला काय कळणार," म्हणाला, आणि नमुना गुरुजींसाठी ठेवून गेला. 

१० जून

तिसऱ्या वर्गाला आज 'सत्य बोलण्याचं धैर्य' हा धडा होता. घेतला.

मला काय हवं होतं? ती मरावी असं नाही. ओरीन मरावी असं तर मुळीच नाही. त्या चित्रातल्या बाईने लोकांपुढे प्रेताचे कपडे घालून उभं राहावं, आणि ते काढणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच हवं होतं. 'एवढंच' हा शब्द लिहून पाहिला. बरा दिसत नाही.

शाळा सुटल्यावर तोकुमात्सुच्या गल्लीपर्यंत गेले. आतून कागदावर घासण्याचा आवाज येत होता. वाटाणे घेऊन परत आले.

११ जून, गुरुवार

ओरीन आली. हातात डांगोंचा, तांदळाच्या गोड गोळ्यांचा पुडा. उरावाला बहिणीकडे गेली होती, बहिणीला मुलगा झाला, चार दिवस तिचं सगळं हिनेच केलं, असं म्हणाली. खरं असेल, खोटं असेल. मी पुडा घेतला नाही.

म्हटलं, "ओरीन, पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस. मीच शिवत जाईन."

तिला गंमत वाटली. "तुम्ही? मागे तुम्ही बाही गळ्याला लावली होती, बाई, आठवतं ना?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "काही चुकलं का माझं?"

"नाही."

"चुकलं असेल तर बोला. मी बहिणीशीसुद्धा तोंडावर भांडते."

"नाही म्हटलं ना."

तिने पिशवीतून कापडाच्या पट्ट्यांची गुंडाळी काढून ओट्यावर ठेवली. "हा तुमचा बाणांचा किमोनो. मार्चमध्ये उसवून धुतला तो तसाच पडलाय. शिवायला वेळच झाला नाही. आता तुम्हीच शिवा." डांगोंचा पुडा तिने त्याच्यावर ठेवला आणि गेली.

ती गेल्यावर मी गुंडाळी उलगडली. आठ पट्ट्या. कडेला जुन्या दोऱ्याची भोकं तशीच, नवा एकही टाका नाही. मार्चपासून हा कोणाच्याही अंगावर जाणं शक्य नव्हतं.

पुरावा?

१२ जून, शुक्रवार

आज दोनदा लिहिते. ही सकाळची नोंद, शाळेत न जाता.

किमोनो ओरीनने घातला नव्हता, तर मग ती कोण हे मला कळत नव्हतं. पण चूक कबूल करायचीच, तर ती कशी सुधारता येईल ते तरी पाहावं म्हणून नमुना घेतला. उलटं छापलं असतं तर गळपट्टी बरोबर आली असती का, हे बघायला तो आरशापुढे धरला. चष्मा डोळ्यांवर होता.

आरशात गळपट्टी सरळ झाली, डावी बाजू वर. फणी उजव्या हातात आली. आणि त्या हाताच्या मनगटावर, जिथे मला हान्जीचं पातं घसरलंय असं वाटलं होतं, तिथे एक बारीक चंद्रकोर होती.

मी बाही वर केली. दोन्ही मनगटं शेजारी धरली.

मग मागे वळून पाहिलं. आरशाच्या बरोबर समोर, माझ्या पाठीमागे, ह्यांची बसायची गादी आहे. करडा डाग समजत होते ते कपाट तिथे नाही. कपाट डाव्या भिंतीला आहे, आम्ही हे घर घेतल्यापासून. घरातलं सगळं मला माहीत असतं असं मी समजत होते.

आणि ती नजर. चष्मा नसला की मला समोरचं दिसत नाही, म्हणून मी डोळे बारीक करते.

तोकुमात्सुकडे जाते.

रात्र पडण्याआधी

तोकुमात्सु दोरीवर कागद वाळत घालत होता. चहूबाजूंनी तीच बाई. मी दारातच म्हटलं, "मी खोटं सांगितलं. त्यांना तसं नको होतं. छापणं थांबवा."

त्याने हातातला कागद दोरीला अडकवला. "एकशेवीस झाल्या, वहिनी. एकशेवीस बायका तुम्ही वर पाठवल्यात."

"दुरुस्त होणार नाही?"

"हान्जी गळ्याशी नवा लाकडाचा तुकडा बसवील. पण ते मानेवरचे केस बघा, गळपट्टीवरच उतरलेत. तुकडा बसवला की केस तुटतील. नवी फळी पाहिजे, आणि नव्या फळीला नवं रेखाटन." माझ्या उतरलेल्या तोंडाकडे बघून तो जरा मऊ झाला. "का सांगितलंत हो तसं?"

मी म्हटलं, ती बाई दुसरीच कोणी आहे असं मला वाटलं.

त्याने दोरीवरच्या एका कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. "चष्मा काढा बघू," म्हणाला. काढला. "आयला," एवढंच म्हणाला, आणि मला बसायला उपडी बादली दिली.

हे पाच वाजता आले. पायातले मोजे दोन वेगळ्या जोडांचे. चहा दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, तार नको म्हटलं होतं त्याच्यासकट. ओरीनचंही सांगितलं.

"ओरीन डावखुरी आहे?" हे म्हणाले. "मी पाहिलंच नाही कधी."

मग नमुना मांडीवर घेतला. मला वाटलं, आता रागावून बोलतील. बोलावं असंही वाटलं.

"मला दिसलीच नाही," म्हणाले. "गळपट्टी. वीस वर्षं तू मला सकाळी आरशात अशीच दिसतेस."

"मला विचारायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नीट बसली असतीस."

"आणि मी विचारलं तेव्हा अशीच एक बाई म्हणालात."

ते पुन्हा कानांपर्यंत लाल झाले. "मग काय म्हणायचं?" म्हणाले. मग विचारलं, "जेवायला काय आहे?" वाटाणे होते.

१३ जून, शनिवार

हे इवामोरींना भेटून आले. चूक आपली असं सांगितलं. मी बरोबर जाते म्हटलं होतं, नको म्हणाले. इवामोरींचं उत्तर: बुधवारपर्यंत रेखाटन हान्जीच्या हातात पडलं तर प्रदर्शन गाठता येईल, एक दिवस उशीर झाला तर दुसऱ्या चित्रकाराचं लावू. चुकीच्या सगळ्या प्रती नष्ट करायच्या. तोकुमात्सु म्हणतो दारांच्या कागदाखाली अस्तर म्हणून लावतो, चांगला कागद आहे.

ओरीनकडे गेले. तिने मला बाहेरच उभं ठेवलं. सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, गुरुजी आणि मी," ती म्हणाली. "बाई, ते मला दोन वर्षं 'ओरान' म्हणतात." हसली नाही. "मंगळवारी येईन की नाही, मंगळवारी बघू." पट्ट्यांची गुंडाळी मात्र माझ्या हातातून काढून घेतली.

१४ जून

दिवसभर ह्यांनी कागदामागून कागद टाकला. आठवून काढतात, गळपट्टी बदलली की खांद्याच्या सगळ्या घड्या बदलतात, आणि बाई मेल्यासारखी दिसते. आता गळपट्टी बरोबर असूनसुद्धा. मी समोर बसू का विचारलं. बसले. दोन रेघा ओढून त्यांनी कुंचला ठेवला.

"तू वर्गात बसलीयस," म्हणाले.

खरं आहे. मला स्वतःला तसं वाटत होतं.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. ती मीच आहे हे कळल्यावर जळणं थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. ते रोज सकाळी जिच्याकडे बघत होते तिला काहीच माहीत नव्हतं. तिला मी आता कुठून आणू? ती सुखी होती असंही नाही, त्याच सकाळी ती नकळत स्वतःवरच जळत होती. तरी मला तिचा हेवा वाटतो.

१६ जून, मंगळवार

उद्या बुधवार. रेखाटन नाही.

साडेसहाला उठून दुसरा निळा किमोनो घेतला, आणि उजवी बाजू वर घेऊन नेसले. हात सारखे आपोआप उलटे जात होते. सासूबाईंना शेवटचं नेसवलं तेव्हाही असेच अडखळले होते. मधलं दार उघडं होतं. हे वर्तमानपत्रावरून बघत होते ते मला चष्म्यातून स्पष्ट दिसलं.

"तोमिए, असं नेसू नये," म्हणाले. "अशुभ असतं."

"आरशात सरळ दिसेल."

"तरी पण."

"ती एकशेवीस वेळा मेली माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी एक सकाळ."

वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला.

मी आरशापुढे बसले. नीट बसू नये म्हणून शाळेचा विचार केला. दुसऱ्या तासाला तपासून द्यायच्या वह्यांपैकी अकरा राहिल्या होत्या, मुख्याध्यापिकेला शुक्रवारच्या रजेचं कारण द्यायचं होतं, आणि ओरीन दहाला येईल की नाही ते ठाऊक नव्हतं. चष्मा काढून ठेवला. फणी घेतली. केसांत गुंता होता तो ओढला, दुखलं, पुढे वाकून बघायला गेले, काही दिसेना.

आरशात एक पांढरट डाग होता, आणि त्याच्यामागे करडा. करडा डाग थोडा खाली वाकला, शाईत कुंचला बुडवत असावा, आणि पुन्हा सरळ झाला.

मी गुंता सोडवत राहिले.